उजवा कुणाचा?

आमच्या भैरोबाला काही विचारायचं तर आधी आबांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत, आणि त्या मानानं भैरोबा पुष्कळ बरा होता. तो नुसतं हो किंवा नाही म्हणे. आबा माणसाला पार सोलून काढत.

तिकोणा पेठेच्या अलीकडं, पवनेच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. भैरोबा गावाचा देव आणि आबा त्याचे गुरव. गुरवकी घराण्यात पिढीजात, पण आबांची उमर गेली लोणावळ्याच्या यार्डात, पॉइंट्समन म्हणून. कर्जतहून घाट चढून गाडी वर आली की तिला मागून ढकलत आलेली बँकर इंजिनं सोडवायची, झेंडी दाखवायची, ऊन म्हणू नका पाऊस म्हणू नका, रुळातून चालायचं. रिटायर होऊन गावी आले, थोरल्या भावाकडून देवळाची किल्ली घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून देवाचं सगळं कामकाज रेल्वेच्या नियमानं सुरू झालं. लहानथोर सगळे त्यांना 'पैंटमन आबा' म्हणत. गुरव म्हटलेलं त्यांना फारसं आवडत नसे, पैंटमन म्हटलं की लगेच वळून बघत.

संध्याकाळची आरती सहा वाजून सात मिनिटांनी. सहाला नाही, सव्वासहाला नाही. मी एकदा विचारलं, आबा, हा सात मिनिटांचा मुहूर्त कुठल्या पंचांगातला? तर म्हणाले, "पंचांग कसलं. सहाची आरती म्हनलं की मानसं साडेसहाला येत्यात. सहा-सातची म्हनलं की धोतर सावरत पळत येत्यात." हे मात्र खरं होतं. सहा सातला आबा गळ्यातली शिट्टी वाजवत आणि घंटेला हात घालत. उशिरा आलेल्याला तीर्थ मिळे, पण बोलणी खाऊन.

भैरोबाला ते 'मास्तर' म्हणत. शेंदूर लावताना त्यांचं बोलणं चालू असे. "मास्तर, आज गर्दी हाय, जरा नीट बसा." "मास्तर, पाऊस कुटं लेट झालाय, पुढच्या स्टेशनाला इचारा की." आमच्या काकूला हे बिलकूल खपत नसे. म्हणे, हा बाबा देवाला कारकून समजतो. आबांचं म्हणणं, मास्तर म्हणजे कारकून नव्हे, मास्तरच्या सहीशिवाय गाडी हलत नाही.

गावात कौल लावायची चाल जुनी. देवाच्या दोन्ही खांद्यांवर शेवंतीची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली की होकार, डाव्या खांद्यावरची पडली की नकार. लग्न, विहीर, घराचा पाया, भावाभावांच्या वाटण्या, सगळं या दोन पाकळ्यांवर. आबांच्या भावाच्या काळात माणूस नारळ घेऊन आला की पाच मिनिटांत निकाल घेऊन जाई. आबा आले आणि भानगड वाढली.

त्यांचा नियम असा की तीन ठिकाणांहून 'लाइन क्लिअर', म्हणजे पुढं वाट मोकळी असल्याचा निरोप, आणल्याशिवाय देवापुढं उभं राहायचं नाही. तीन ठिकाणं म्हणजे तीन माणसं. एक, ज्याचा तुमच्यावर जीव आहे. दुसरं, ज्याला तुम्ही डोळ्यासमोर नको असता. आणि तिसरं, ज्यानं तुमच्याआधी तीच गोष्ट करून बघितलीय. तिघांना विचारा, ते काय म्हणाले ते मला येऊन सांगा, मग पाकळी. लोक चिडत. "आबा, आमी देवाला इचारायला आलोय, भाऊबंदाला न्हाई." त्यावर आबा म्हणत, "देवाला दिवसाला शंभर कामं. भाऊबंद रिकामाच हाय, त्याला आधी इचार."

गंमत अशी, की तिघांना विचारून होईतो निम्मी माणसं परत येतच नसत. त्यांचं त्यांनाच उमगलेलं असे. मग देवस्थानच्या कमिटीनं कुरकुर सुरू केली, की पैंटमनमुळं देवळात नारळ येईनासे झाले. आबांनी कमिटीला सांगितलं, की नारळ हवे असतील तर कोकणात जा.

गुडघ्याच्या ऑपरेशनचा कौल मागायला आलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी दारातूनच पिटाळलं होतं. "गुडघ्याचा देव वडगावला दवाखान्यात बसतो. त्याचा कागद आन, मग मास्तरला दावू." धरणाच्या काठाला तंबू लावणारा पुण्याचा एक गॉगलवाला आला, त्याला आपल्या कॅम्पचं नाव देवाकडून पक्कं करून हवं होतं. नावं सगळी इंग्रजी. आबांनी शांतपणे सांगितलं, की मास्तर मराठी मिडियमचे आहेत. आणि सरपंचकीला उभा राहिलेला आमचाच एक गाववाला येऊन म्हणाला, "आबा, निवडून येतो का बघा की." आबा म्हणाले, "ते मतदारांना इचार. देवाचं नाव आपल्या यादीत न्हाई."

कौल लावण्याआधी शेवटचा प्रश्न ठरलेला असे. "डावा आला तर काय करशील?" यावर कोणी "परत लावू" म्हणालं की संपलं, आबा गाभाऱ्याचं दार ओढून घेत. एका प्रश्नाला एकच कौल. सिग्नल आवडला नाही म्हणून दुसरा मागता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. या एका गोष्टीत ते फार कडक होते, चेष्टासुद्धा चालत नसे. ते असे का, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता माझं सांगते. माझी आणि आबांची खरी गाठ पडली ती माझ्या लग्नावरून.

मी तळेगावला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि तिथंच एका कंपनीत लागले. असिस्टंट लोको पायलटची, म्हणजे इंजिनात ड्रायव्हरच्या शेजारच्या माणसाची, परीक्षा दिली होती, पण तिचा निकाल इतका रखडला की मी ती विसरूनच गेले. मधल्या काळात वराळ्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला, कंपनीत नोकरी, नवा फ्लॅट, घरात बोलणारे एकटे त्याचे मामा. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, होकार दिला, सुपारी फुटली. आणि पंधरा दिवसांनी रेल्वेचं पत्र आलं. निवड झाली, सोमवारी ट्रेनिंगला हजर व्हा.

मी घरभर नाचले. दोन दिवसांनी मामांचा फोन आला. मुलगी इंजिनात बसणार हे आमच्याकडं चालायचं नाही, नोकरी सोडा, नाहीतर सोयरीक मोडली समजा. मी मुलाला फोन केला, तुझं काय म्हणणं? तो म्हणाला, "मामा म्हणतील तसं." एवढंच. मला त्याचा राग आला नाही. पण अशा माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे जन्मभर मामांशी बोलायचं, हे मला तेव्हाच कळलं.

दादांची फार ओढाताण झाली. माझ्या पत्राचा फोटो त्यांनीच सगळ्या पाहुण्यांना पाठवला होता, आणि दुसरीकडं चारचौघांत शब्द देऊन बसले होते. ते रागावले असते तर मी भांडले असते, भांडायला मी कोणाला ऐकत नाही. पण ते नुसते ओसरीवर बसून राहत आणि विचारलं की म्हणत, "देवाला इचारू." मी म्हटलं, दादा, परीक्षा मी दिली, देव बसला होता का पेपरला? आईनं डोळे मोठे केले.

मी तणतणत आबांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी लाइन क्लिअर." म्हटलं, आबा, तुम्ही स्वतः रेल्वेचे, तुम्ही तरी सरळ माझ्या बाजूनं बोला. तर म्हणाले, "मी रेल्वेचा हाय म्हनूनच बोलत न्हाई. जा, तिघांकडं जाऊन ये."

गेले. जीव लावणारी आईच. ती म्हणाली, "मला तू डोळ्यासमोर पायजेस. पर तुझं त्वांड बघून सांगते, जा." दुसरी आमची काकू. तिला मी लहानपणापासून खुपते. ती चुलीपुढून हललीसुद्धा नाही. म्हणाली, "हिला घरात ठिवाल तर सासूला जित्ती खाईल. हिला इंजिनातच घाला, तितं तरी कोन बोलाय न्हाई." इतकं माझ्या बाजूचं बोलणं आमच्या घरात दुसरं कोणी केलं नव्हतं. तिसरी माझी शाळेतली मैत्रीण, पोलिसात निवड झाली असताना लग्नासाठी सोडून दिलेली. ती आता सुखी आहे, नवरा चांगला आहे, पोरगी गोड आहे. निघताना तिनं विचारलं, "युनिफॉर्म ते देतात, का आपण शिवायचा?" आणि दारात उभी राहिली, आत काही जाईना.

आबांना येऊन सांगितलं. तिसरीचं ऐकताना त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "पोरी, ही तीन मानसं म्हंजी बँकर. घाट चढूस्तवर मागनं ढकलनार. वर आलं की त्यांना सोडायचं आन आपली गाडी आपुन हाकायची. तुला काय पायजे?" मी म्हटलं, मला गाडीच चालवायचीय. "डावा आला तर काय करशील?" म्हटलं, प्रश्न काय विचारतात त्यावर आहे. पहिल्यांदाच ते हसले.

रविवारी कौल ठरला. दुसऱ्या दिवशी मला हजर व्हायचं होतं. मामा गाडी करून वराळ्याहून आले, बरोबर दोन माणसं. मुलगा आला नाही, त्याची सेकंड शिफ्ट होती. दादांनी देवापुढं हात जोडले आणि प्रश्न घातला, "देवा, पोरीनं नोकरी सोडून ह्या घरी नांदायला जावं का?" आबांनी दोन पाकळ्या पाण्यात बुडवून भैरोबाच्या दोन्ही खांद्यांवर लावल्या. "मास्तर," ते म्हणाले, "गाडी उभी हाय."

सगळे टक लावून बसले. मी नास्तिक वगैरे नाही, पण त्या वेळी मला देवाचा इतका राग आला होता की हात जोडायलासुद्धा नको वाटत होतं. चार वर्षं अभ्यास करायचा, आणि निकाल लागणार शेवंतीच्या पाकळीवर.

पाकळी पडली. आमच्या उजव्या हाताला.

मामा लगेच उठले. "उजवा दिला देवानं. झालं, आता मुहूर्त धरा."

दादा चाचरत म्हणाले, "पाव्हनं, तसं न्हाई. आमच्यात देवाचा उजवा धरत्यात. ही पाकळी देवाच्या डाव्या खांद्यावरची."

"ही कुठली पद्धत?" मामा म्हणाले. "आमच्याकडं बघणाऱ्याचा उजवा धरतात. देव काय स्वतःसाठी कौल देतो का? आपल्यासाठी देतो. म्हणजे उजवा आपला."

झालं. देवळात दोन तट पडले. एक जण म्हणाला, नवरा-नवरीला बसवताना उजवं-डावं कोणाचं धरतो, तसं धरा. दुसऱ्यानं वडगावच्या कोर्टातल्या कुठल्या वकिलाला फोन लावला. मामांबरोबरचे गृहस्थ म्हणाले, परत लावा, एवढं काय. आबा म्हणाले, "परत न्हाई." त्यांचा आवाज असा होता की पुन्हा कोणी ते बोललं नाही.

पण दादा ढिले पडत चालले होते. दारात आलेला पाहुणा, त्याचा मान, दिलेला शब्द. ते हळूच म्हणाले, "आबा, पाव्हनं म्हनत्यात तसं धरलं एका बारीला तर..." सोमवार हातातून गेला, असंच वाटलं.

आबा गाभाऱ्यातून बाहेर आले. "मामा, तुमी कदी इंजिनात बसलाय?"

"नाही."

"मी बी न्हाई. मी सारी उमर फलाटाखाली काढली. पर एक शिकलोय. फलाटावर हुबा ऱ्हाऊन गाडीचं उजवं-डावं ठरत न्हाई. हिकडच्या फलाटावरनं एक दिसतं, तिकडच्या फलाटावरनं उलटं दिसतं. जो गाडी चालवतो त्याचा उजवा हात, त्यो उजवा. आता सांगा, ह्यो संसार कोन चालवनार? तुमी?"

"मी कशाला? मुलगा-मुलगी चालवतील."

"मुलगा कुटं हाय?"

"ड्युटीवर."

"मग निम्मा स्टाफ तरी हजर हाय," आबा म्हणाले. "ये ग पोरी."

त्यांनी मला गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी नेलं आणि देवाकडं पाठ करून बसवलं. लोक हां हां करायला लागले. देवाला पाठ, तीही बाईमाणसाची, तीही उंबऱ्याला टेकून. काकूनं तोंडाला पदर लावला. आबा म्हणाले, "मास्तर बसलेत त्याच तोंडाला बसवलीय. त्यांना पुढचं दिसतंय, तेच हिला दिसू द्या." मग मला विचारलं, "पाकळी तुझ्या कुठल्या हाताला पडली?"

मी मागं वळून पाहिलं. खाली, भिजून लोळागोळा झालेली पाकळी. "डाव्या," मी म्हटलं. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

"डावा," आबांनी पुन्हा सांगितलं, आणि शिट्टी वाजवली. ती वाजवायची काहीएक गरज नव्हती.

मामा बोलायला लागले, पण दादा उभे राहिले होते. "पाव्हनं, माज्या शबुदाला मी जागलो असतो. पर देवाचा शबुद माझ्यानं मोडवत न्हाई." असं म्हणून त्यांनी वाकून मामांच्या पायाला हात लावला. दादांना देवाकडून काही कळून घ्यायचंच नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं. पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणायला त्यांना आपल्यापेक्षा मोठं कोणीतरी पाठीशी हवं होतं. मी त्यांच्यावर उगाच इतके दिवस चिडत होते.

सोमवारी मी हजर झाले. मामांनी दोन महिन्यांत दुसरी मुलगी शोधली.

आता कौल आबांचा पुतण्या लावतो. व्हिडिओ कॉलवरसुद्धा लावतो. मध्येच नेटवर्क गेलं की पाकळी अर्ध्या हवेत लटकते आणि विचारणारा तिकडं पुण्यात घामाघूम होतो. आरती सहाला असते, माणसं साडेसहाला येतात.

आबांना मी शेवटची भेटले ती ट्रेनिंग संपवून रजेवर आले तेव्हा. मुद्दाम युनिफॉर्म घालून गेले. ते ओट्यावर बसले होते, मला पाहून उठले आणि चक्क सलाम ठोकला, मग माझे बूट नीट बघितले. त्यांच्या लेकीनं चहा आणला. ती माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी. लग्न होऊन गेली होती, आणि तिसऱ्या वर्षी अंगावरच्या कपड्यानिशी परत आली ती कायमची. कमी बोलते. माझ्या हातात कप देताना तिनं खांद्यावरच्या पट्टीला हळूच बोट लावून बघितलं आणि आत गेली.

मी आबांना विचारलं, "एक खरं सांगा. त्या दिवशी दुसरी पाकळी पडली असती तर? देवाच्या उजव्या खांद्यावरची? मग तर आपल्या रीतीनं होकारच होता."

"मग तुला देवाकडं त्वांड करून बसवली असती."

मला हसू फुटलं. चहा सांडला. म्हटलं, म्हणजे काहीही झालं तरी डावाच? अहो, मग त्यात देव कुठं आला?

आबा हसले नाहीत. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता, तिकडं बघत राहिले.

"हिच्या लग्नाच्या टायमाला दोनदा डावा आलावता," ते म्हणाले. "स्थळ सोन्यासारखं वाटत हुतं. मी भावाला तिसऱ्यांदा लावायला लावला. देवानं दोन बारी सांगितलं, मी ऐकलं न्हाई. आन हिला तर कुनी इचारलंच न्हाई. कुठल्या तोंडाला बसवायची, हे तवा मला सुचलंच न्हाई बघ."